एकशे दहा टक्के

३ ऑक्टोबर

प्रिय शेंडेफळ,

फोन सोडून पत्र लिहितेय, कारण या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये फोनवर बोललेलं सगळं तुझ्या दादाच्या कानावर जातं, आणि मला तुझ्याशी त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

मागच्या थंडीत लागलेला खोकला गेलेलाच नाही. विचारलं की म्हणतात, घसा साफ करतोय. वर्षभर कोण घसा साफ करतं? कबुतरांना शीळ घालून बोलवायचे ते आता पत्र्याचा डबा वाजवून बोलवतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, कबुतरांना डब्याचा आवाज जास्त आवडतो. वाक्य अर्ध्यावर सोडून खिडकीकडे बघत बसतात, म्हणजे मला वाटावं की विचार चाललाय. रात्री तीन उशा लागतात.

शेड तुला नव्याने सांगायला नको. सहा वर्षं तू डेपोच्याच दवाखान्यात नर्स म्हणून काढलीस. समोरच्या नव्या इमारतींनी धुराची तक्रार केल्यापासून रस्त्याकडची दारं बंद ठेवतात हे तुला माहीत आहे. तुझी बदली झाल्यावर मागचं दारही लावायला लागले. पहाटे बासष्ट बसगाड्या एकदम सुरू करतात, ब्रेकमध्ये हवा भरेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं त्या तशाच घरघरत उभ्या असतात, आणि आमचे इंजिन मिस्त्री त्यांच्यामधून कान लावून फिरतात. धूर बाहेर फेकणारा वरचा पंखा कधी बंद पडला ते कुणाला आठवत नाही. घरी येऊन शिंकरतात ते काळंच. त्यांचे रुमाल मी वेगळे धुते.

शेवटी गेल्या आठवड्यात ओढून मोठ्या इस्पितळात नेलं. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावलं. वयाच्या, उंचीच्या मानाने जेवढी हवा बाहेर पडायला हवी, त्याच्या एक्केचाळीस टक्के. मला टक्क्यांतलं काही कळत नाही, पण बाईंचा चेहरा कळला. काम काय करता विचारलं, आणि कागदावर ‘डिझेल’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. म्हणाल्या, आधीचे आकडे मिळाले आणि त्यांत वर्षावर्षाने उतार दिसला, तर मी लेखी देईन की यांना शेडमधून ताबडतोब काढा.

डेपोत दरवर्षी सगळ्यांना तूच फुंकायला लावायचीस. ते आकडे कुठे मिळतील तेवढं कळव. तू गेल्यापासून ती मशीन कापडाखाली झाकून ठेवलीय.

तुझी वहिनी


११ ऑक्टोबर

वहिनी,

दादाचं वाचून काळजी वाटली. तो स्वतःबद्दल खरं सांगणाऱ्यांतला नाही, म्हणून तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

जुनी रजिस्टरं मी तिथे असतानाच माळ्यावर टाकली होती. ती मिळणं कठीण आहे, तुम्ही उगाच हेलपाटे घालू नका. तसेही ते आकडे कामचलाऊच असायचे. मोठ्या इस्पितळाची मशीन नवी, तिचाच आकडा धरा.

डॉक्टरीणबाईंना सांगायच्या दोन गोष्टी तुमच्याकडून राहिल्या असतील. एक, तो लग्नाआधी पाच-सहा वर्षं सिगारेट ओढायचा. दुसरी, कबुतरं. दोन वर्षांपासून गॅलरीत चौदा कबुतरं आहेत, आणि त्यांच्या विष्ठेच्या भुकटीने काही माणसांची फुफ्फुसं फार लवकर बिघडतात. आमच्या पुस्तकातच आहे हे. बाईंच्या कानावर नक्की घाला.

त्याला रजा घ्यायला लावा. वाफ द्या, थंड पाणी बंद करा. मी सुट्टीचं बघते, पण इथे मी एकटीच आहे, बदली माणूस मिळत नाही.

त्याला माझी आठवण सांगा.

शेंडेफळ


२६ ऑक्टोबर

प्रिय शेंडेफळ,

हेलपाटे पडलेच नाहीत. कारकुनाने बसल्या जागी हात लांब करून कपाट उघडलं आणि रजिस्टर काढून दिलं. वर म्हणाला, तुमचे मिस्टर तर पहिलवान आहेत हो. मशीन आल्यापासूनच्या तीन वर्षांचे, तुझ्या अक्षरातले तीन आकडे आणि शेजारी डकवलेल्या मशीनच्या चिठ्ठ्या: एकशे आठ, एकशे दहा, एकशे दहा. शेडमधल्या एकाचाही आकडा त्यांच्या आसपास नाही. मला जरा अभिमानच वाटला बघ.

डॉक्टरीणबाई मात्र त्या चिठ्ठ्या पालथ्या घालून, उजेडात धरून बघत राहिल्या. म्हणाल्या, दीड वर्षापूर्वी हा माणूस पंचविशीतल्या पोरासारखा फुंकत होता. धुराने झिजतात ती फुफ्फुसं वर्षावर्षाने झिजतात. अकरा वर्षं शेडमध्ये काढून ज्याला काही झालं नाही तो दीड वर्षात एक्केचाळीसवर आला, म्हणजे काहीतरी नवीन घडलंय. घरात नवीन काय आलं? मी तुझ्या सांगण्याप्रमाणे कबुतरं म्हटलं. त्यांनी मान डोलावली, आणि ‘डिझेल’वर काट मारली. मी समोरच बसले होते.

गोळ्या सुरू झाल्यात. कबुतरं मी परवा गल्लीतल्या शिंप्याला देऊन टाकली. मला वाटलं होतं घरात महाभारत होईल. हे गॅलरीच्या दारात उभे होते. मला विचारलं, “कबुतरांचं तिने सांगितलं?” मी हो म्हटलं. “मग देऊन टाक,” म्हणाले, आणि स्वतःच एकेकाला धरून खोक्यात ठेवलं. त्या काळ्या शेपटीवालीला सगळ्यात शेवटी ठेवलं. मी तिकडे बघितलं नाही.

डेपोच्या साहेबांनी इस्पितळाचा कागद वाचला. शेडचा संबंध नाही असं त्यातच आहे म्हटल्यावर रजा पुढे कशाला, असं त्यांचं म्हणणं. सोमवारपासून हे परत कामावर.

तू कबुतरांचं सुचवलं नसतंस तर आम्ही अजून अंधारात चाचपडत असतो. तुझे उपकार मानायचे म्हणजे परक्यासारखं होईल, पण मानते.

तुझी वहिनी


३० ऑक्टोबर

वहिनी,

दादाला शेडमध्ये पाठवू नका. पत्र मिळेल त्या दिवसापासून पाठवू नका. कबुतरांचा मी फक्त एक अंदाज सांगितला होता, अंदाजच होता तो. आणि त्या तीन आकड्यांवर जाऊ नका. मशीन तेव्हा बिघडलेली होती. डॉक्टरीणबाईंना जाऊन एवढंच सांगा की जुने आकडे चुकीचे आहेत, ते धरू नका, पहिल्यापासून विचार करा.

कसे चुकीचे ते आता विचारू नका. मी येऊन बोलेन.

शेंडेफळ


१४ नोव्हेंबर

प्रिय शेंडेफळ,

तुझं पत्र मी यांनाच वाचून दाखवलं. म्हणाले, “तिला काळजी करायची सवय आहे. तिला म्हणावं मी ठीक आहे, आणि मुद्दाम येऊ नकोस.” मग डबा घेऊन कामावर गेले.

तुझ्या शब्दाला मान द्यायचा म्हणून मी कारकुनाकडे परत गेले. मशीन बिघडली होती का विचारलं. त्याने शिक्के दाखवले. दरवर्षी बाहेरचा माणूस येऊन मशीन तपासून जायचा, आणि बाकी सगळ्यांचे आकडे व्यवस्थित आहेत. शेडमधल्या पेंटरचे तर जिना उतरल्यासारखे: ब्याण्णव, एक्क्याऐंशी, बाहत्तर. मशीन फक्त तुझ्या दादापुरती बिघडत होती का? मी काय बाईंना हेच जाऊन सांगू? तू लहानपणापासून दादाची हळवी, हे मला ठाऊक आहे, पण दर आठवड्याला नवीन भीती पाठवू नकोस.

हे सगळं मी चार दिवसांपूर्वी लिहून ठेवलं होतं. पाठवायचं राहिलं. त्याच्यापुढचं आता लिहिते.

सोमवारी हे चष्मा घरी विसरले, म्हणून मी पहाटे शेडमध्ये गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. दिवे होते, पण दिव्यांभोवती निळसर काहीतरी लोंबत होतं. डोळ्यांना पाणी आलं, जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव आली. गाड्या इतक्या जवळजवळ उभ्या की मध्ये माणूस आडवाच चालणार. त्या फटीतून हे येताना दिसले. गोळ्यांनी चेहरा सुजलाय, त्यामुळे क्षणभर मी ओळखलंच नाही. चष्मा घेतला आणि मला हातानेच सांगितलं, बाहेर जा. तोंडाने बोलायला त्यांना जमलं नाही. मी दोन मिनिटं होते तिथे. दुपारपर्यंत डोकं ठणकत होतं.

काल सकाळी एका गाडीच्या बॉनेटला हात लावून उभे होते ते तिथेच खाली बसले. पेंटरने आणि अजून दोघांनी उचलून बाहेर आणलं. आता इस्पितळात आहेत. नाकातोंडावर ऑक्सिजनची नळी आहे. डॉक्टरीणबाई काही स्पष्ट बोलत नाहीत.

ये.

वहिनी


२० डिसेंबर

वहिनी,

मी चार दिवस तुमच्याकडे होते. सगळे होते, म्हणून बोलता आलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. एकदा स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो. तेव्हाही बोलले नाही.

मी इस्पितळात पोचले तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. मी जवळ बसल्यावर त्याने माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नाही, नाही. तुम्ही बाहेर येऊन रडलात की आता त्याची जगायची इच्छा राहिली नाही. वहिनी, तो जगायला नाही म्हणत नव्हता. तो मला सांगत होता की बोलू नकोस. मी ऐकलं त्याचं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

साडेतीन वर्षांपूर्वी, रस्त्याकडची दारं बंद झाल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत, त्याचा आकडा बासष्ट आला. डेपोच्या मशीनवर सत्तरच्या खाली आलेल्या माणसाला शेडमधून काढून गेटवर बसवायचं, असा नियम होता. मी त्याला चिठ्ठी दाखवली. तो खुर्चीतून उठेना. गेटवर गेलो तर मिस्त्रीचा हुद्दा जाणार, हुद्द्याबरोबर क्वार्टर जाणार, असं म्हणत राहिला. मी म्हटलं, परत फुंक. परत फुंकलं, साठ आलं. मग तो हसला. तुम्हाला त्याचं ते हसणं माहीत आहे, काहीतरी मागायचं असलं की हसायचा. म्हणाला, “तू फुंक. तुझ्यात दोन माणसांची हवा आहे.”

तो बुटका आणि मी ताडमाड, यावरून शाळेत सगळे मलाच थोरली समजायचे. मी मशीनमध्ये त्याचं वय घातलं, त्याची उंची घातली, आणि फुंकलं. नळीला लावलेलं तोंड कुणाचं आहे हे मशीन विचारत नाही. एकशे आठ. बुटक्या माणसाच्या हिशोबात माझी हवा मावेना. त्याने ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाला, झालो बरा.

एकदाच, असं ठरलं होतं. पुढच्या वर्षी तो आला तेव्हा त्याने नळी हातातही घेतली नाही. तिसऱ्या वर्षी आत आला आणि पाठ करून खिडकीशी उभा राहिला. मी फुंकून झाल्यावर विचारलं, खरं किती येईल ते एकदा बघू या का, दोघांतच. नको म्हणाला.

मी शिकलेली आहे, वहिनी. त्या आकड्याचा अर्थ मला कळत होता. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा एक ओळ लिहिली असती तर डॉक्टरीणबाईंनी त्याला त्याच आठवड्यात शेडबाहेर काढलं असतं. मी कबुतरांचं लिहिलं. त्याला कळलं होतं मी का लिहिलं ते, म्हणून तर त्याने कबुतरं दिली.

माफ करा असं लिहायची माझी हिंमत नाही.

शेंडेफळ


२ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. तीनदा वाचलं. तुमच्याबद्दल मला काय वाटतं ते लिहायला बसले तर कागद पुरणार नाही, म्हणून फक्त कामाचं लिहिते.

हे गेल्यावर शेडमधल्या नऊ जणांनी मिळून अर्ज केला. पेंटर त्यांचा पुढारी. मागणं एवढंच की दारं उघडा, पंखा दुरुस्त करा, आणि गाडी सुरू करताना धूर बाहेर नेणारे पाईप बसवा. कुणी स्वतःसाठी काही मागितलेलं नाही. तीन जणांची चौकशी समिती बसलीय. पहिल्याच दिवशी डेपोच्या वकिलाने समितीपुढे यांच्या तीन चिठ्ठ्या ठेवल्या. म्हणाला, शेडमध्ये सगळ्यात जास्त वेळ इंजिनांजवळ उभा राहणारा हा माणूस. अकरा वर्षांनंतर एकशे दहा टक्के फुंकतो. मग हवा वाईट कशी? आणि शेवटचा आजार कबुतरांचा, हे घ्या इस्पितळाचं पत्र.

पेंटर माझ्याकडे आला होता. त्याला तुमचं काही माहीत नाही. बिचारा म्हणाला, मिस्त्रींची छाती असेल हो चांगली, पण आमचं काय?

हे मेले ते मेले, वर नऊ माणसांच्या वाटेत आडवे पडलेत. त्यांना तिथून तुम्हीच उठवू शकता. पुढची तारीख चार फेब्रुवारी. या आणि समितीला खरं सांगा.

वहिनी


९ जानेवारी

वहिनी,

तुम्ही मला तुम्ही म्हणालात. बरोबर आहे.

मी रात्रंदिवस त्याच तारखेचा विचार करतेय. मी खरं सांगितलं की माझी नोकरी जाईल, ती जाऊ दे. पण दादाचं नाव कागदोपत्री लबाड म्हणून राहील. तुमच्याही वाट्याला ते येईल, लोक बोलतील. शिवाय समिती ऐकेलच कशावरून?

आणि एक गोष्ट लिहायची नव्हती, पण सगळं माझ्याच डोक्यावर घेऊन मला चालता येत नाही. त्या पहिल्या वर्षी मी त्याला खूप समजावलं होतं. गेटवर बस, उन्हात खुर्ची टाक, कबुतरं पाळ. तो म्हणाला, घरी विषय काढून बघितला. तुम्ही त्याला म्हणाला होतात, मी मिस्त्रीशी लग्न केलंय, रखवालदाराशी नाही. तो क्वार्टरसाठी नव्हता घाबरत, वहिनी. हे वाक्य त्याने मला जसंच्या तसं सांगितलं होतं, हसत हसत. म्हणून मी नळी तोंडाला लावली.

मला येणं जमेल असं वाटत नाही.

शेंडेफळ


१५ जानेवारी

वन्सं,

हो, मी म्हणाले होते. भांडी घासत होते आणि पाठमोरी म्हणाले. त्यांनी विचारलं होतं, गेटवर काम घेतलं तर कसं होईल. मला वाटलं कुणाशी तरी वाजलंय, रागाच्या भरात बोलताहेत. बासष्टचा आकडा मला कुणी सांगितला नव्हता.

सांगितला असता तर मी काय म्हटलं असतं, हे चार दिवस स्वतःला विचारतेय. उत्तर चांगलं येत नाही. तेव्हा मला टक्के कळत नव्हते. खालच्या बिऱ्हाडातली बाई काय म्हणेल ते कळत होतं. कदाचित मी तेच म्हटलं असतं.

झालं? माझा वाटा मी घेतला. माझ्या वाट्याने तुमचा कमी होत नाही.

यांच्या नावाची काळजी तुम्ही करू नका. ते नाव माझ्या दाराच्या पाटीवर आहे, आणि पाटी मार्चअखेर उतरवायची आहे. लबाड माणसाची बायको म्हणून मी राहीन. पेंटरच्या बायकोला मात्र तीच पाळी यायला नको.

चार तारीख, सकाळी अकरा, डेपोच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह. या नाहीतर नका येऊ. मी समोर बसलेली असेन.

वहिनी


८ फेब्रुवारी

वहिनी,

मी बोलले ते तुम्ही ऐकलंत. दुसऱ्या रांगेत होतात. मी उभी राहिले तेव्हा तुम्ही पदर सारखा केलात, तेवढंच मला दिसलं, त्यानंतर मी टेबलाकडेच बघत होते.

सगळं सांगून झाल्यावर वकील रागावेल असं मला वाटलं होतं. तो रागावला नाही. फार गोड बोलला. म्हणाला, “सिस्टर, एकाचं फुंकलंत हे तुम्ही कबूल करता. बाकीच्यांचं फुंकलं नाहीत कशावरून? कुणाचा आकडा वाढवलात, कुणाचा कमी केलात, आम्ही कसं ओळखायचं?” मी म्हटलं, बाकी सगळे आकडे खरे आहेत. तो म्हणाला, “असं तुम्हीच म्हणता.” आणि खाली बसला. तेव्हा मी काय करून बसले ते मला कळलं. पेंटरनेही त्याच क्षणी माझ्याकडे बघितलं.

इथे परत आल्यावर दवाखान्याच्या किल्ल्या काढून घेतल्या. मी खोलीवर आहे. निकाल लागला की कळवाल का? मला दुसरं कुणी कळवणार नाही.

शेंडेफळ


३० मार्च

वन्सं,

निकाल लागला. दोन पानं आहेत, त्यातलं कामाचं पाच ओळींचं. दवाखान्याच्या सिस्टरनेच कबुली दिल्यामुळे तिन्ही वर्षांची सगळी रजिस्टरं अविश्वसनीय ठरतात. त्यामुळे नऊ जणांचे आकडेही धरता येत नाहीत. पेंटरचं ब्याण्णव, एक्क्याऐंशी, बाहत्तर, सगळं पुसलं गेलं. यापुढे नव्या मशीनवर, बाहेरच्या माणसाकडून पाच वर्षं मोजायचं, आणि उतार दिसला तर शेडचा विचार करायचा. तोवर दारं आहेत तशी राहतील, कारण समोरच्या इमारतींची तक्रार अजून कायम आहे. त्यांची तक्रार ग्राह्य आहे बरं का. त्यांच्या तक्रारीला आकडे लागले नाहीत, वास येतो एवढं पुरलं.

वाचून दाखवल्यावर पेंटर हसला. पाच वर्षं म्हणजे मी माझा आकडा वर जाऊन कळवतो, म्हणाला. त्याची बायको शेजारीच उभी होती. ती हसली नाही.

शेडमधली माणसं तुमचं नाव काढतात तेव्हा काय म्हणतात ते लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंना मी जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी काट मारली होती ना. त्यांनी नवा कागद लिहून दिलाय, डिझेलच्या धुराने झालेला श्वासनलिकांचा आजार, असं त्यावर स्पष्ट लिहिलंय. तो मी घरात ठेवलाय. त्याचं कुठे काही करता येत नाही.

आज क्वार्टर सोडलं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून सामान उतरवायला शेडमधलं कुणी येणार नाही असं पेंटरने सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. तरी सकाळी एक जण आला. डेपोच्या गेटवर बसतो तो. पूर्वी शेडमध्ये वायरमन होता म्हणे. मला ओळखीचा वाटला नाही. तुमच्या ओळखीचा असेल.

त्याने आपणहून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्याचा आकडा पासष्ट आला होता. मिस्त्रींचं कसं जमतं याची शेडमध्ये कुजबूज होतीच, म्हणून त्याने तुमच्यापुढे हात जोडले, माझंही फुंका. तुम्ही नाही म्हणालात. त्याने विचारलं, मिस्त्रींचं चालतं मग माझं का नाही? त्यावर तुम्ही म्हणालात, “तो माझा भाऊ आहे. तू माझा कोण?”

त्याला गेटवर टाकलं. हुद्दा गेला. तो म्हणाला, “वहिनी, दोन वर्षं रोज सकाळी गेट उघडताना मी तुमच्या नणंदेला शिव्या घातल्या. एक दिवस चुकवला नाही.” परवा नव्या मशीनवर सगळ्यांना फुंकायला लावलं, तेव्हा तोही जाऊन आला. पासष्टचे चौसष्ट झालेत.

हे त्याने मला का सांगितलं ते मला कळलं नाही. त्यालाही कळलं असेल असं वाटत नाही. मी त्याला पाणी दिलं. तुम्हाला हे कळवावं की नाही याचा मी दिवसभर विचार केला, आणि कळवायचं ठरवलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. जो तुमचा कुणी नव्हता त्याच्याशी तुम्ही नीट वागलात, आणि तो आहे. हे तुम्हाला माहीत असायला हवं.

पाणी पिऊन त्याने शिवणाचं मशीन खांद्यावर घेतलं. मी वरच्या कठड्याला धरून बघत होते. दुसऱ्या मजल्यापर्यंत तो सरळ गेला. पहिल्यावर त्याने मशीन टेकवलं आणि दम घेतला. घेतलेला दम त्याला पुरला. मग ते परत उचलून तो खाली गेला.

वहिनी